अजिंक्यताऱ्याचा चढ आणि पट्ट्याने सांगितलेल्या कॅलरी

“आज किती जळाल्या?” अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापाशी टेकलं की आमच्या सकाळच्या गटात पहिला प्रश्न हाच. प्रत्येकीचं मनगट वर येतं. कुणाच्या घड्याळात २४०, कुणाच्या ३६०. मग त्या आकड्यावर दिवसभराचं खाणं ठरतं. ३६० वाल्या वहिनी घरी जाऊन निवांत कंदी पेढे खातात, आणि २४० वालीने रात्रीची भाकरी सोडली आहे. दोघी चढल्या तो रस्ता एकच, लागलेला वेळ एकच, वजनंही उन्नीस-बीस. ती सुटलेली भाकरी माझ्या मनाला फार लागली, म्हणून हा सगळा हिशोब एकदा नीट लिहून काढते आहे.

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वय ५१, वजन ६२ किलो. हे दोन्ही आकडे पुढे लागणार आहेत. चढताना मी छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधते. कार्य आणि ऊर्जा हा धडा इतकी वर्षं फळ्यावर मांडल्यावर, ऊर्जेचा एखादा आकडा समोर आला की तो कुठून आला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. (खाली जिथे जिथे कॅलरी म्हटलंय तिथे किलोकॅलरी समजावी, खाऊच्या पाकिटावर छापलेली असते ती.)

आधी पट्ट्याविषयी. ठोके तो फार चांगले मोजतो. आतल्या बाजूच्या दोन पट्ट्या पाण्याने ओल्या करून अंगाला लावल्या की प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात उठणारा विजेचा सूक्ष्म स्पंद त्या पकडतात. दवाखान्यातल्या ईसीजीचंच हे तत्त्व. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला असा बिनतारी पट्टा खेळाडूंच्या हाती दिला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. मनगटावरच्या घड्याळाची रीत निराळी. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त हा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून घड्याळ नाडी ओळखतं. स्वस्थ बसलेल्या माणसावर हे उत्तम चालतं. हात हलू लागले, घड्याळ सैल असलं किंवा डिसेंबरातल्या पहाटे हात गारठले, की गडबड सुरू होते. कधी कधी तर ते पावलांच्या तालालाच नाडी समजतं. चढावर मिनिटाला ११५ पावलं पडत असतील आणि घड्याळही ११५ च्या आसपासच अडून बसलं असेल, तर थांबून मानेवर दोन बोटं ठेवावीत, १५ सेकंद ठोके मोजावेत आणि चाराने गुणावं. आमच्यातल्या बऱ्याच जणींना बांगड्यांचीही अडचण येते. बांगड्या खाली, घड्याळ त्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं कोपराकडे सरकवून जरा घट्ट बांधलं की आकडा बराच सुधारतो.

ठोके बरोबर मिळाले तरी कॅलरीपर्यंतची वाट अजून बरीच लांब आहे. शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे भरवशाने कळतं ते प्राणवायूवरून. अन्न जाळायला प्राणवायू लागतो, आणि एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ५ कॅलरी मोकळ्या होतात. निव्वळ चरबी जळत असेल तर ४.७ च्या आसपास, पिष्टमय पदार्थ जळत असतील तर ५ हून किंचित जास्त. म्हणून प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा लावून श्वास मोजतात. १९११ साली क्लॉड डग्लस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यासाठी पाठीवर वागवता येईल अशी मोठी पिशवी बनवली. माणूस चालत राहायचा, त्याचा उच्छ्वास पिशवीत साठायचा, आणि मग त्यात प्राणवायू किती उरला ते तपासायचं. मला हे उपकरण फार आवडतं. त्यात गृहीत धरलेलं जवळजवळ काही नाही.

ठोके आणि प्राणवायू यांचं नातं आडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये मांडलं. मिनिटाला वापरलेला प्राणवायू म्हणजे मिनिटाचे ठोके, गुणिले दर ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त, गुणिले त्या रक्तातून शरीराने काढून घेतलेला प्राणवायू. आमच्या जिल्ह्यात माण तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतात. गावाने किती पाणी घेतलं हे सांगायला टँकरच्या खेपा मोजून भागत नाही. टँकर केवढा होता आणि त्यातलं किती पाणी उतरवून घेतलं, हेही माहीत हवं. पट्टा खेपा मोजतो. उरलेल्या दोन गोष्टी तो तुमचं वय, वजन आणि तुम्ही बाई की पुरुष एवढ्यावरून गृहीत धरतो. नियमित चढणाऱ्या बाईचं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, तिचे स्नायूही प्राणवायू जास्त काढून घेतात. त्यामुळे तेवढंच काम ती कमी ठोक्यांत करते. नवखीची नाडी त्याच वळणावर धडधडत असते.

हे गृहीतक उघड्यावर छापलेलं बघायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेलं समीकरण पाहावं. ठोक्यांवरून कॅलरी सांगणारी इंटरनेटवरची पुष्कळशी गणकं तेच वापरतात. बायकांसाठी ते असं आहे:

मिनिटाला किलोज्यूल = (०.४४७२ × ठोके) − (०.१२६३ × वजन) + (०.०७४ × वय) − २०.४०२२

आलेल्या उत्तराला ४.१८४ ने भागलं की मिनिटाच्या कॅलरी मिळतात. वजन किलोत, वय वर्षांत. पुरुषांसाठीचं समीकरण असं:

मिनिटाला किलोज्यूल = (०.६३०९ × ठोके) + (०.१९८८ × वजन) + (०.२०१७ × वय) − ५५.०९६९

हे समीकरण बनलं ते १८ ते ४५ वयाच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या ११५ लोकांना ट्रेडमिलवर आणि सायकलवर श्रम करायला लावून. म्हणजे ते व्यायाम चालू असतानाच्या ठोक्यांसाठी आहे. बाकी कुठे लावलं तर काय होतं ते मी वर्गातल्या मुलांना करून बघायला सांगते. खुर्चीत बसले असताना माझे ठोके ७२ असतात. समीकरण म्हणतं, मिनिटाला १.८५ कॅलरी. दिवसाच्या झाल्या २६०० हून जास्त, नुसत्या बसून. माझ्या वयावजनाच्या बाईचं शरीर पूर्ण विश्रांतीत दिवसाला १२०० च्या आसपास खर्च करतं. आता ठोके ५४ धरा, गाढ झोपेतले. उत्तर शून्याच्या खाली जातं. मुलं हे गणित दोनदा करून बघतात, कारण झोपलेलं माणूस ऊर्जा तयार करतंय असं उत्तर त्यांना पटत नाही. पटूही नये. बिंदूंमधून काढलेली सरळ रेषा त्या बिंदूंच्या बाहेर ओढत नेली की काय होतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

माझं सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते बायकांच्या समीकरणातल्या वजनामागच्या उणे चिन्हाकडे. पुरुषांच्या समीकरणात तिथे अधिक आहे. म्हणजे माझ्याच वयाची, ७५ किलोची बाई माझ्याइतक्याच ठोक्यांवर ३५ मिनिटं चढली, तर समीकरण तिला माझ्यापेक्षा सुमारे १४ कॅलरी कमी देतं. तेरा किलो जास्त वजन वर नेलं, आणि खर्च कमी! मी याचा अर्थ असा लावते: त्या प्रयोगात, सारख्याच ठोक्यांवर, जड बायका सरासरीने कमी प्राणवायू वापरत असणार, म्हणजे त्यांची दमश्वासाची क्षमता कमी असणार. वजनाचा आकडा तिथे क्षमतेच्या जागी उभा आहे. त्याच संशोधकांनी क्षमता प्रत्यक्ष मोजून समीकरणात घातली तेव्हा अंदाज सुधारला, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. पण आमच्या गटातली एक पंचाहत्तर किलोची बाई उत्तम चढते, आम्हा सगळ्यांच्या पुढे असते. तिच्यावर या उणे चिन्हाने सरळ अन्याय होतो.

मग खरा आकडा कुठून आणायचा? माझ्याकडे डग्लसची पिशवी नाही, पण अजिंक्यतारा आहे. डोंगराची उंची रोज तेवढीच असते. माझ्या वाटेवर चढ सुमारे २५० मीटरचा आणि रस्ता अडीच किलोमीटरचा आहे. मला ३५ मिनिटं लागतात. आधी नुसतं भौतिकशास्त्र करू: ६२ किलो, गुणिले ९.८, गुणिले २५० मीटर, म्हणजे १५२ किलोज्यूल. कॅलरीत ३६. एवढंच. घामाने भिजून, वळणावळणावर धापा टाकत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं काम फक्त ३६ कॅलरींचं! अर्थात शरीर हे यंत्र म्हणून साधारण पाव कार्यक्षम आहे, उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि पुढे चालण्याचा खर्च वेगळा. हे सगळं जमेला धरणारं एक सोपं गणित अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने दिलं आहे. दर किलो वजनामागे, पुढे चाललेल्या प्रत्येक मीटरला ०.१ मिलिलिटर प्राणवायू, वर चढलेल्या प्रत्येक मीटरला १.८ मिलिलिटर, आणि नुसतं जिवंत राहायला मिनिटाला ३.५ मिलिलिटर.

माझ्यासाठी: २५०० मीटरचे २५०, चढाचे ४५०, पस्तीस मिनिटांचे १२२.५. बेरीज ८२२.५. गुणिले ६२ किलो, म्हणजे ५१ लिटर प्राणवायू. म्हणजे २५५ कॅलरी. आणि ७५ किलोच्या त्या मैत्रिणीसाठी ३०८. डोंगर उणे चिन्ह मानत नाही.

हेही गणित सरासरीचंच आहे, पण त्याची चूक वेगळ्या जातीची आहे. ते हृदयाला काही विचारत नाही, फक्त किती वजन किती वर नेलं ते बघतं. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बरंच कळतं. डिसेंबरात याच चढावर माझे सरासरी ठोके १३२ असतात. पट्ट्याच्या समीकरणाने २८९ कॅलरी. एप्रिलात, त्याच वेगाने, त्याच वजनाने, सरासरी १४४; आणि कॅलरी ३३४. पंचेचाळीस कॅलरी जास्त कुठून आल्या? कुठूनच नाही. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं, आणि ती तूट भरायला हृदय जास्त वेळा धडकतं. टँकर लहान झाले म्हणून खेपा वाढल्या. घाम जास्त आला, नाडी जास्त पळाली, म्हणजे चरबी जास्त जळली, हा समज आमच्या गटात इतका पक्का आहे की काही जणी मे महिन्यातही जाड जॅकेट घालून चढतात. हे कृपा करून करू नका. त्याने उष्माघाताचा धोका वाढतो, कॅलरी नाही.

ताण, रात्रीची अपुरी झोप, चढण्याआधी घेतलेला कडक चहा, अंगातली कणकण, सगळ्यांचं तेच. व्यायामशाळेत जड वजन उचलून धरतानाही असंच होतं. श्वास कोंडून स्नायू आवळले की नाडी उसळते, पण चालण्या-धावण्यात जसा प्राणवायू खर्च होतो तसा तिथे होत नाही. उतरताना नाडी लगेच खाली येत नाही, त्यामुळे उताराचा आकडाही फुगतो. यवतेश्वरच्या घाटात सायकली घेऊन जाणारी मुलं या बाबतीत जास्त सुखी. त्यांच्यातल्या काहींच्या पॅडलला शक्ती मोजणारं यंत्र असतं. सायकलवर शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के आणि एका कॅलरीचे ४.१८ किलोज्यूल, हे दोन आकडे एकमेकांची जवळजवळ भरपाई करतात. म्हणून यंत्राने मोजलेले किलोज्यूल तेच ढोबळमानाने खर्च झालेल्या कॅलरी समजता येतात.

घड्याळांची परीक्षा लोकांनी घेतलेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात मनगटी यंत्रं साठ स्वयंसेवकांवर तपासली. ठोके सातपैकी सहा यंत्रांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर सांगितले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्र सरासरीने २७ टक्के चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आमच्या देवळापाशी २४० आणि ३६० हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, त्यात मग नवल काय.

आणि ही सरासरी कुणाची, हा प्रश्न आपल्या लोकांनी तर विचारायलाच हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. घड्याळात वजन आणि उंची भरताना त्या पेटीत ही गोष्ट कुठेच मावत नाही. चढताना प्राणवायू प्रामुख्याने स्नायू वापरतात, आणि साठ किलोत स्नायू किती हे घड्याळाला कुणी सांगितलेलं नसतं.

आता भाकरीकडे. चढाच्या २५५ पैकी ३८ कॅलरी मी घरी बसून राहिले असते तरी खर्च झाल्याच असत्या. व्यायामाने वाढलेल्या म्हणाव्यात त्या २१७. काही घड्याळं एकूण आकडा दाखवतात, काही फक्त वाढीव. बहुतेक जणी आपलं घड्याळ कोणता दाखवतं हे बघतच नाहीत. वीस ग्रॅमच्या एका कंदी पेढ्यात ८० च्या आसपास कॅलरी धरल्या, तर अख्खा अजिंक्यतारा पावणेतीन पेढ्यांचा. २४० वाली मैत्रीण माझ्याच वजनाची आहे, म्हणजे तिचं घड्याळ जवळजवळ बरोबर सांगत होतं. मी तिच्या शेजारी बसून हा सगळा हिशोब वहीत मांडला. ती खर्चात कुणापेक्षा कमी पडत नव्हती, शेजारणीचं घड्याळ उदार होतं एवढंच. तिने भाकरी पुन्हा सुरू केली, याचा मला मनापासून आनंद आहे. पेढ्यांबद्दल वहिनींशी अजून बोलणं चालू आहे.

ज्या कारणाने मला हे लवकर लिहावंसं वाटलं ते वेगळंच आहे. आमच्यातल्या एका काकूंना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलची गोळी आहे. ही बीटा ब्लॉकर जातीची औषधं हृदयाचा वेग आवरून धरतात, ते त्यांचं कामच आहे. हृदय मग दर ठोक्याला थोडं जास्त रक्त ढकलतं, स्नायू प्राणवायू जास्त काढून घेतात, आणि चढ चढला जातो. पण ठोके २५ ने कमी दिसले तर वरच्या समीकरणात ३५ मिनिटांचा आकडा ९० हून जास्त कॅलरींनी उतरतो. काकूंना वाटायचं, आपण पुरेसं चालत नाही. वाटेवरच्या चारभिंती या ठिकाणाच्या पुढच्या चढावर त्या आकडा वाढवायला वेग वाढवायच्या, पार धाप लागेपर्यंत. वजन तेवढंच, डोंगर तोच, खर्चही जवळपास आमच्याइतकाच, आणि यंत्र मात्र त्यांना रोज नापास करत होतं. ज्यांना अशी गोळी आहे त्यांनी कॅलरीचा आकडा सोडाच, ठोक्यांचे तक्तेही घड्याळाच्या भरवशावर पाळू नयेत. जास्तीत जास्त ठोके किती ते सांगणारं ‘२२० वजा वय’ हे सूत्र त्यांच्यासाठी नाही. किती जोरात चालायचं हे डॉक्टरांना विचारावं, आणि चढताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय ना, एवढं बघावं. काकू आता चढताना आमच्याशी गप्पा मारतात आणि बोलणं तुटायला लागलं की थांबतात. त्यांच्या घड्याळाच्या पडद्यावरचा कॅलरीचा चौकोन आम्ही काढून टाकला. सेटिंगमध्ये ती सोय असते.

पट्टा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. ठोके हे फार मोलाचं मोजमाप आहे, फक्त त्याला त्याच्या कामाला लावावं. मी वहीत तीन गोष्टी लिहिते: चढायला लागलेला वेळ, सरासरी ठोके, आणि वर पोचून थांबल्यावर एका मिनिटात ठोके कितीने उतरले. तुलना नेहमी त्याच महिन्याच्या आसपासच्या दिवसांशी, कारण एप्रिल आणि डिसेंबर यांची गाठ घालण्यात अर्थ नाही. तोच चढ तेवढ्याच वेळात कमी ठोक्यांत झाला, तर माझं हृदय दर ठोक्याला जास्त काम करायला लागलंय. गंमत अशी की त्या दिवशी पट्टा मला कॅलरी कमी देतो.

पावसाळ्यात गडाचा रस्ता निसरडा होतो तेव्हा आमच्यातल्या काही जणी व्यायामशाळेत ट्रेडमिलवर चालतात. तिथे वेग आणि चढाची टक्केवारी समोरच लिहिलेली असते, त्यामुळे वरचं प्राणवायूचं गणित आणखी सोपं जातं. ताशी ४.८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८० मीटर. चढ ५ टक्के असेल तर मिनिटाला ४ मीटर वर. म्हणजे ८, अधिक ७.२, अधिक ३.५, एकूण १८.७. गुणिले आपलं वजन, भागिले हजार, गुणिले पाच. साठ किलोला मिनिटाला ५.६ कॅलरी. समोरचा दांडा धरून चालू नका मात्र, नाहीतर अंगाचा भार हातांवर जातो आणि हा आकडाही खोटा ठरतो.